सलग एक वर्ष

रोह्याच्या नदीपलीकडे असलेल्या आमच्या अष्टमी गावात कॅनडाला जाण्याविषयी कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारायचं, असा साधारण दोन वर्षं शिरस्ता होता. तो लोकांनी पाडला नव्हता, मी पाडला होता. कुणी विचारलं नाही तरी मी सांगायचो. कुंडलिकेच्या पुलाजवळ भाजी घेताना सांगायचो, शिफ्ट सुटल्यावर गेटवर सांगायचो, आणि एकदा तर दाढी करताना न्हाव्याला इतकं सांगितलं की त्याने माझा एक कल्ला वर आणि एक खाली ठेवला.

मी सांगायचो ते असं. वय, शिक्षण, इंग्रजी आणि कामाचा अनुभव यांचे गुण धरायचे. गुण पुरेसे झाले की तिकडचं सरकार अर्ज करायला बोलावतं. मग आपण कागद पाठवायचे. मग तिकडचा अधिकारी ते कागद तपासतो, की या माणसाने सांगितलं ते खरं आहे का आणि तो नियमात बसतो का. याला पात्रता तपासणी म्हणतात. ही शेवटची पायरी सोडली तर बाकी सगळं मला तोंडपाठ होतं. शेवटच्या पायरीचं मी नीट वाचलंच नव्हतं, कारण आपण नियमात बसतो की नाही हा प्रश्नच माझ्या मनात आला नाही.

मी धाटावच्या एका रासायनिक कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो, म्हणजे अजूनही आहे. प्लांटमधला दाब आणि तापमान दाखवणारे मीटर बिघडले की काढायचे, तपासायचे, पुन्हा बसवायचे. काम कौशल्याचं आहे, यात वाद नाही. अकरा वर्षं तेच काम, तोच प्लांट, बहुतेक मीटरही तेच. पण मी कंपनीच्या रजिस्टरवर नाही, ठेकेदाराच्या रजिस्टरवर. आणि ठेकेदाराची एक जुनी पद्धत आहे. वर्षातून एकदा तो प्रत्येकाला ब्रेक देतो. माणूस सलग कामावर दिसला तर उद्या 'कायम करा' म्हणून बसेल, म्हणून त्याचं नाव मध्येच कमी करायचं, सुटल्याचं पत्र द्यायचं आणि काही दिवसांनी नव्या पत्रावर पुन्हा घ्यायचं. बाकीची पोरं या ब्रेकच्या नावाने बोटं मोडतात. मी मात्र तो मागून घ्यायचो.

कारण मी मूळचा पेणजवळच्या हमरापूरचा. आमच्या घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, तो माझा थोरला भाऊ चालवतो, आणि आमच्या मूर्तींचे डोळे मी रंगवायचो. या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. वरच्या पापणीची रेघ एका दमात, ब्रश न उचलता ओढायची, मग बुबुळ, मग त्यातला तो बारीक पांढरा ठिपका. हे सगळ्यांना जमत नाही. निदान मी तसं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तेव्हा ज्येष्ठ सरत आला की मी ठेकेदाराकडे जायचो आणि म्हणायचो, "शेट, माझा ब्रेक टाका."

"किती दिवस?"

"चतुर्थीपर्यंत."

शेटचा चेहरा उजळायचा. त्याच्या उभ्या आयुष्यात ब्रेक मागणारा माणूस मी एकटाच. बाकीच्यांचा आठ-दहा दिवसांत संपायचा, माझा दोन-अडीच महिने चालायचा, आणि घरी येऊन मी बायकोला सांगायचो की शेटला आज कसा गुंडाळला.

बायको रोह्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी पूल ओलांडून जाते, उपाशीपोटी आलेल्यांचं रक्त घेते, दिवसभर नमुने तपासते आणि संध्याकाळी पूल ओलांडून परत येते. लग्नाच्या आधीपासून ती तिथेच आहे. आम्हाला एक मुलगी, आठ वर्षांची. मी हमरापूरला गेलो की या दोघी घरी असायच्या, आणि मी फोनवर विचारायचो, "सगळं बरं ना?" ती म्हणायची, "बरं." आमच्या घरात 'बरं' हे उत्तर मी फार विश्वासाने ऐकायचो.

कॅनडाचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका शब्दामुळे. तिकडे गेल्यावर जो दाखला मिळतो त्यात 'कायम रहिवासी' असं लिहिलेलं असतं. अकरा वर्षांत मला कुणी कायम म्हटलं नव्हतं. कंपनीत माझ्यानंतर आलेले दोघे कायम झाले, एकाला मीच काम शिकवलं होतं. मला वाटलं, इथलं गेट नाही म्हणतंय तर म्हणू दे, एक अख्खा देश हो म्हणेल. हे मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना सांगायचो की मुलीच्या भविष्यासाठी चाललोय. असं म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पुढचं विचारत नाहीत.

अर्ज भरायला बसलो तेव्हा बायकोने विचारलं होतं, "दोघांपैकी कोणाच्या नावाने करायचा, ते बघायचं का आधी?"

मी हसलो. ते हसू आज आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. "अगो, मुख्य अर्जदार म्हणजे मुख्य माणूस," मी म्हटलं. "तुझं नाव येतंय की त्यात. बायको म्हणून, खालच्या रकान्यात."

"बरं," ती म्हणाली.

इंग्रजीची परीक्षा दोघांनीही वाशीला जाऊन दिली होती. चारही भागांत तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त आले. मी तिला समजावलं की तुझा पेपर सोपा निघाला असणार.

मग आली कागदपत्रं. माझ्यावर या बाबतीत पेणच्या कचेऱ्यांचा संस्कार आहे. सातबारा असो की जातीचा दाखला, लहानपणापासून मी एकच धडा शिकलो: फाइल जाड असली की साहेब दबतो. त्यामुळे एक पत्र मागितलं होतं तिथे मी सगळी लावली. ठेकेदाराने ब्रेकनंतर पुन्हा कामावर घेतल्याची अकरा पत्रं आणि ब्रेक दिल्याची अकरा पत्रं, अशी बावीस, तारखेच्या क्रमाने, प्रत्येकावर सत्यप्रत लिहून खाली सही. रोह्यातला झेरॉक्सवाला स्कॅन करता करता म्हणाला, "एवढं कोण वाचणार हाय?" मी म्हटलं, "वाचायचं नसतं, बघायचं असतं." शिवाय सुरक्षा सप्ताहातल्या घोषवाक्य स्पर्धेचं दुसऱ्या क्रमांकाचं प्रशस्तिपत्र. शिवाय माझा एक फोटो, हातात ब्रश, समोर डोळे आखायची वाट बघणाऱ्या गणपतींची रांग, मागच्या भिंतीवर कॅलेंडर. कुशल कामगार म्हणतात ना, मग कौशल्य दिसायला नको?

काही महिन्यांनी त्यांच्या वेबसाइटवर माझ्या नावाखाली एक ओळ उमटली, की पात्रतेची तपासणी सुरू आहे. मी पेढे आणायच्या बेतात होतो. एका परक्या देशाचं सरकार बसून मला तपासतंय, याचाच मला केवढा अभिमान! आणि तपासणी म्हणजे काय, हे मला पासपोर्टच्या वेळेपासून पक्कं ठाऊक होतं. साहेब घरी येतो, चहा घेतो, शेजारच्या दोघांना विचारतो की माणूस कसा आहे, आणि जातो. मी तयारीला लागलो.

शेजारी एक काका राहतात, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना आधी गाठलं. "काका, माझ्याबद्दल कुणी विचारायला आलं तर जरा चांगलं सांगा."

"कोण येणार हाय?"

"कॅनडाचा माणूस."

"हितं? अष्टमीला?"

"मुंबईला असेल ना त्यांचा कुणीतरी. तिकडून पाठवतील."

काकांनी चष्मा काढून पुसला. "काय सांगू त्याला?"

"सांगा, सज्जन माणूस हाय. कामसू हाय. भांडण नाय, तंटा नाय."

"आणि शिमग्यात माझ्या कुंपणावरनं भांडलास ते?"

"ते नका सांगू."

"बरं, नाय सांगत," काका म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून माझी खात्री पटेना.

मग वाण्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. घरी नवे कप आणले. रविवारी मी लुंगी सोडून पँट घालून बसायला लागलो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, मी तर बाशिंग बांधून दारातच बसलो होतो. आणि एका रविवारी खरोखरच गळ्यात टाय आणि काखेत फाइल असलेला एक अनोळखी माणूस आमच्या आळीत घर शोधत आला. मी त्याला हाताला धरून आत आणलं. नव्या कपात चहा दिला, चिवडा दिला, अकरा वर्षांचा अनुभव सांगितला, मुलीला इंग्रजी कविता म्हणायला लावली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चिवडा संपवला आणि म्हणाला, "सर, तुम्ही पाणी कसलं पिता?" तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारा होता. बायको बाजारातून आली, तिला मुलीने सगळं सांगितलं, आणि ती पिशवी हातात घेऊन उंबऱ्यावरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

खरा अधिकारी आलाच नाही. त्याला यायची गरजच नव्हती. त्याने फक्त एक गोष्ट केली, जी मी दोन वर्षांत एकदाही केली नव्हती. त्याने मी पाठवलेली बावीस पत्रं तारखांसकट वाचली.

त्याचं पत्र ईमेलवर आलं. भाषा इतकी सभ्य की पहिल्या वाचनात मला ते अभिनंदनाचं वाटलं. दुसऱ्या वाचनात अर्थ लागला. नियम असा होता की कौशल्याचं, पूर्णवेळ, पगारी काम किमान एक वर्ष सलग केलेलं हवं. मध्ये खंड नको. तुम्हीच दिलेल्या कागदांवरून असं एक वर्ष कुठे दिसत नाही, काही म्हणायचं असेल तर अमुक दिवसांत कळवा, असं त्याने लिहिलं होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मोजायला बसलो. अकरा वर्षं होती, पण त्यांत एक वर्ष नव्हतं. दर वर्षी साडेनऊ-दहा महिने व्हायचे आणि हा शहाणा शेटपुढे जाऊन उभा राहायचा. आठ-दहा दिवसांचा ब्रेक असता तर निदान काही गयावया करता आली असती. अडीच महिन्यांना काय सांगणार? आजारी होतो म्हणावं तर फोटोत मी ब्रश घेऊन हसत बसलेलो, मागे कॅलेंडरवर जुलैचं पान. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, पण त्या धोंड्याच्या बावीस सत्यप्रती काढून पाठवणारा मीच.

दुसऱ्या दिवशी मी शेटकडे गेलो. त्याने पाच मिनिटांत माझी चिंता मिटवली. "त्यात काय यवढं? एकच पत्र देतो. पहिल्या दिवसापासून आजपरत, सलग. मधी ब्रेक नाय नि काय नाय." त्याच्या कारकुनाने लगेच टाइप केलं, शेटने सही केली, दोन शिक्के मारले, एक कमी वाटला म्हणून. मी ते पत्र शर्टाच्या आत घालून पुलावरून जवळजवळ पळत घरी आलो.

बायको पोळ्या करत होती. हात पुसून तिने पत्र घेतलं आणि लॅबमध्ये रिपोर्टवर सही करायच्या आधी बघते तसं खालून वर वाचलं.

"ह्याच्यावर सही शेटचीच ना?"

"व्हय."

"आणि त्या बावीसांवर?"

"शेटचीच."

"मग ह्यांतलं खोटं कुठलं, हे त्या माणसाने कसं ओळखायचं?"

मी म्हटलं, ते आपण कशाला बघायचं. ती म्हणाली, "खोटं सापडलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाय, असं लिहिलंय. वाचलंय का तुम्ही?"

वाचलं नव्हतं. "तू कधी वाचलंस?"

"गेल्या वर्षी. तुम्ही हमरापूरला होतात तेव्हा. सगळंच वाचलं मी, पहिल्यापासून."

मग ती आत गेली आणि एक प्लास्टिकची पातळ फाइल घेऊन आली. तिच्यात लॅबच्या डॉक्टरांचं एक पत्र होतं, एक पानाचं. अमुक तारखेपासून कामावर, त्या तारखेपुढे लिहिलं होतं 'आजपर्यंत'. खाली कामाचे तास, हुद्दा, काय काय करते त्याची यादी, आणि सही. मुलीच्या वेळची रजा तेवढी वेगळी नोंदवलेली. तिच्या आधीही कितीतरी वर्षं सलग, तिच्यानंतरही सलग. मी ते पान उलटून पाहिलं, मागे आणखी काही आहे का म्हणून. मागे कोरं होतं.

"तुला कधी ब्रेकच नाय पडला?" मी विचारलं. माझ्या हयातीत मी विचारलेल्या प्रश्नांत याच्याइतका मूर्ख दुसरा नसेल.

"कसा पडणार?" ती म्हणाली. "अडीच महिने घरातलं दुसरं माणूस कामावर नसायचं."

ती रागावून बोलली नाही. तव्यावरची पोळी करपायला आली होती म्हणून ती ओट्याकडे वळली. राग आला तो मला. खरं सांगायचं तर मला आधी लाज वाटली नाही, रागच आला, की हिला सगळं ठाऊक होतं आणि हिने मला फजीत होऊ दिलं. "मग आधी का नाय सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी दुसऱ्यांना पुष्कळदा ऐकवली आहे. माझ्या बाबतीत तर कळसा दर पहाटे उठून डबा भरून पूल ओलांडून जात होता, आणि मी गावभर नियम सांगत फिरत होतो. लाज मागाहून आली आणि चांगली दोन दिवस टिकली.

शेटचं पत्र मी पाठवलं नाही. शौर्य वगैरे काही नाही, तिने ते माझ्यासमोर आपल्या पर्समध्ये ठेवून दिलं आणि परत दिलं नाही. मी अधिकाऱ्याला खरं ते लिहिलं, की हो, खंड आहेत, माझ्या इच्छेने आहेत, त्या काळात मी मूर्तींचे डोळे रंगवत होतो. अर्ज नामंजूर झाला. बातमी आळीत पोचायला एक दिवस लागला. काका कुंपणाशी येऊन हळूच म्हणाले, "मी कुणाला काय बोललो नाय हां. देवाशपथ." त्यांना वाटलं, कुंपणाच्या भांडणामुळे गेलं.

शहाण्या माणसाने त्यानंतर निदान एक पावसाळा घरी काढला असता. मी तोंड लपवायला हमरापूरला गेलो. ब्रेक टाका म्हणालो, शेटने टाकला. जाताना मनात एवढंच होतं, की तिकडे तरी आपल्या हाताला मान आहे. कारखान्यात शिरलो तर डोळ्यांच्या जागी दोन मुली बसल्या होत्या, शेजारच्या वाडीतल्या, मान खाली घालून भराभर रेघा ओढत. वहिनी चहा देताना म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही परदेशी जाणार म्हणून ह्यांनी चैत्रापासून पोरींना शिकवलं. हात चांगला बसलाय हां त्यांचा." मी उठलो आणि एक अख्खी रांग तपासली. मूर्तीपुढे मूर्ती, डोळ्याला डोळा लावून. एक तरी पापणी थरथरलेली सापडावी असं मनापासून वाटत होतं. एकही सापडली नाही. भाऊ म्हणाला, आलाच आहेस तर पितांबराच्या किनारी कर. मी चतुर्थीपर्यंत किनारी केल्या.

घरी परतलो तोवर बायकोने तिच्या नावाने सगळं नोंदवून टाकलं होतं. मी असतो तर ती थांबली असती, मी नव्हतो म्हणून थांबली नाही. "मला मोठ्या लॅबमध्ये काम करायचंय," ती म्हणाली. "हे मी तुम्हाला चार वेळा सांगितलंय." मी आठवून पाहिलं. चार नाही, पण एकदा मला आठवलं, आणि त्या वेळी मी तिला गुणांचं गणित समजावत होतो. त्यानंतर मात्र मी कुणालाही काही समजावलं नाही. न्हावी दोनदा म्हणाला, "काय वो, तब्येत बरी हाय ना?"

मार्गशीर्षात तिला अर्ज करायचं बोलावणं आलं. त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसली आणि मी शेजारी बसलो, कागद हातात द्यायला. तसे द्यायला फारसे कागद नव्हतेच. मागितलं होतं तेवढंच तिने ठेवलं होतं. प्रत्येक प्रश्न ती आधी पूर्ण वाचायची, मग उत्तर लिहायची, मग पुन्हा वाचायची. मी मध्ये एकदा म्हटलं, "जोडीला एखादं प्रशस्तिपत्र?" तिने माझ्याकडे बघितलं. मी मुलीचा जन्मदाखला पुढे केला.

तिचं झालं, मुलीचं झालं. मग नवऱ्याचं पान आलं. जन्मतारीख, शिक्षण, कामाचा इतिहास. तिथे तिने माझे अकराच्या अकरा खंड नीट तारखांसह भरले, आता बारावाही, आणि प्रत्येकासमोर लिहिलं की या काळात मूर्तिकाम. मला ते वाचताना बरं वाटलं. माझ्या त्या महिन्यांना कुणीतरी पहिल्यांदाच काम म्हटलं होतं, आणि तेही तिने.

त्यानंतर एक साधा प्रश्न होता, की हा माणूस तुमच्यासोबत येणार आहे का. उत्तर हो किंवा नाही. मला वाटलं ती वाचून पुढे जाईल. तिने माउसवरचा हात काढला आणि माझ्याकडे वळली.

"तुम्ही येणार ना?" तिने विचारलं. "का तेव्हा सीझन असेल?"

मी हसायला गेलो. ती हसत नव्हती. टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात मी तयार आहे. पण ती खरंच विचारत होती. सगळं वाचून, सगळं तपासून तिला एवढ्या एकाच गोष्टीची खात्री नव्हती, आणि उत्तर नाही असं आलं तर तसंही ती लिहिणार होती. ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मला भीती वाटली. नामंजुरीचं पत्र आलं तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

"आमचं दोघींचं मी भरलंय," ती म्हणाली. "तुमचं तुम्हाला न विचारता कसं भरू?"

इतकी वर्षं दर पावसाळ्यात मी बॅग भरून दारात उभा राहायचो आणि 'निघतो गो' म्हणायचो. 'जाऊ का' असं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"येणार," मी म्हणालो.

तिने लगेच खूण केली नाही. "दोन दिवस घ्या," ती म्हणाली. "नीट विचार करा, मग सांगा." आणि तेवढा एक रकाना रिकामा ठेवून ती पुढच्या पानावर गेली.